खिल्लारे सिस्टरच्या काड्या

खिल्लारे सिस्टर चिडल्या की समोरच्याला ‘साहेब’ म्हणायच्या. एरवी मी त्यांचा ‘राठोड भाऊ’. पण राग आला की झाडूवाला असो, डॉक्टर असो नाहीतर हिंगोलीहून आलेला मोठा अधिकारी, सगळ्यांना एकच पदवी. आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला झाडूवाला एकदा मला म्हणाला, “सिस्टरनं आज मला दोनदा साहेब म्हटलं भाऊ, आता माहं काही खरं न्हाई.” तो दिवसभर मान खाली घालून फरशी पुसत होता.

माझं काम पोलीस ठाण्यातला मुद्देमाल सांभाळायचं. म्हणजे गुन्ह्यात जप्त झालेली काठी, कुऱ्हाड, रक्ताचे कपडे, बाटल्या, या सगळ्याचा राखणदार मी. इतक्या वर्षांच्या नोकरीत पळून चोर पकडला असा एकही नाही. पोटही तसं नाही माझं. बाईवर अत्याचार झाला की दवाखान्यात तिची तपासणी व्हायची, अंगावरचे नमुने कापसाच्या काड्यांवर घ्यायचे, ते पाकिटात बंद व्हायचे, आणि ती पाकिटं विभागाच्या प्रयोगशाळेत पोचवायला मी. त्यामुळं माझं आणि सिस्टरचं जमलं म्हणा की जुंपलं म्हणा, ते या काड्यांवरून.

पहिल्याच भेटीत माझी शोभा झाली. एका केसमधले कपडे मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर घट्ट गाठ मारून नेले होते. मला वाटत होतं काय व्यवस्थित बांधलंय. सिस्टरनी गाठ सोडली, वास घेतला आणि पिशवी माझ्या नाकासमोर धरली. कुबट वास. कपड्यावर बुरशीचे ठिपके.

“तुमचं गाव कोणतं, साहेब?” त्यांनी हळू विचारलं.

मी तांड्याचं नाव सांगितलं.

“हळद लावता का घरी?”

“लावतो की.”

“मग शिजवलेली हळद ओलीच पोत्यात भरून मोंढ्यात विकायला नेता का?”

“ओली कोण भरंल? सडून जाईल सगळी.”

“हे तुमाला कळतं,” त्या म्हणाल्या, “आन् बाईच्या लुगड्याचं कळत न्हाई.”

सिस्टर शिरड शहापूरच्या. त्यांचे वडील हंगामात हळद शिजवायच्या कढईवर मजुरीला जायचे, आणि लहानपणी वाळत घातलेल्या हळदीची राखण यांच्याकडं असायची. त्यामुळं वाळवणं हा विषय निघाला की त्यांच्यापुढं कुणी बोलायचं नाही. कापसाच्या काड्यांसाठी त्यांनी सुताराकडून सागाचा एक ठोकळा करून घेतला होता, त्याला भोकं पाडलेली. तपासणी झाली की काड्या त्या भोकांत उभ्या करायच्या, सावलीत ठेवायच्या, ऊन लागू द्यायचं नाही, हात लावायचा नाही. पूर्ण वाळल्या की एकेक काडी वेगळ्या कागदी पाकिटात. प्लास्टिक नाही. पाकिटाला जीभ लावून चिकटवायचं तर नावच नाही. त्यासाठी ओला स्पंज होता. मग वर लाखेचं सील. तोवर त्या स्वतः दारात स्टूल टाकून बसायच्या. मी बाहेर बाकड्यावर घड्याळ बघत चरफडायचो.

“सिस्टर, एसटी जाईल माही.”

“जाऊ द्या. दुसरी येती. ही काडी दुसरी येत न्हाई.”

मी चहाला जायचो.

त्या खोलीत एकच हाताची खुर्ची होती आणि ती तपासणीला आलेल्या बाईची. बाकी सगळ्यांनी उभं राहायचं नाहीतर स्टुलावर. एकदा आमचे नवे इन्स्पेक्टर साहेब जबाबाचं बघायला आले. बाई आत कपडे बदलत होती, खुर्ची रिकामी दिसली, साहेब बसायला गेले. सिस्टर म्हणाल्या, “साहेब, ती खुर्ची भरलेली हाय.” इन्स्पेक्टरांनी मागं वळून पाहिलं, खुर्चीत कुणी नाही. आता ते खरोखरचे साहेब असल्यामुळं सिस्टर चिडल्यात की मान देतात हे त्यांना काही कळेना. मला कळलं, म्हणून मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. साहेब अर्धा तास उभे होते. नंतर जीपमध्ये मला म्हणाले, “राठोड, ही बाई कोण आहे?” मी म्हणालो, “सर, सिस्टर आहेत.” याच्यापेक्षा जास्त मला सांगता आलं नाही.

एकदा त्या तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या. आल्या आल्या त्यांनी मला आणि आमच्या महिला शिपाई मॅडमना समोर बसवलं. म्हणाल्या, नवीन तपासणी निघालीय, नीट ऐका. बाईच्या अंगावरून घेतलेल्या काडीत सगळं बाईचंच असतं, पुरुषाचं असलं तर चिमूटभर. साध्या तपासणीत ते चिमूटभर दबून जातं. पण पुरुषाच्या रक्तामांसात एक खूण असते, ती बाईत नसतेच.

“समजा ज्वारीच्या पोत्यात मूठभर तूर सांडली,” त्या म्हणाल्या. “ज्वारी निवडत बसलात तर जलम जाईल. पण अशी चाळण मिळाली की त्याच्यात फक्त तूरच अडकती, ज्वारी खाली पडून जाती, तर? तसं हाय हे. दिवस झाले असले, बाईनं अंघोळ केली असली, तरी कधी कधी सापडतं.”

मला फार पटलं. मग त्या म्हणाल्या, “एक अडचण हाय. ही खूण बापाकडून पोराला जाती, जशीच्या तशी. बाप, भाऊ, चुलता, चुलतभाऊ, सगळ्यांची एकच.”

“म्हणजे आमच्या घराण्यातल्या सगळ्या बाप्यांची एकच खूण?”

“व्हय. तांड्यावरचे तुमच्या भावकीतले सगळे एका माळेचे मणी.”

“मग मशीनला कळणार कसं, कोण ते?”

“मशीन घराणं सांगती, राठोड भाऊ. माणूस बाईच सांगती. म्हणून बाईचं आधी ऐकायचं.”

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला अजून लाज वाटते, पण सिस्टरबद्दल लिहायचं आणि हे टाळायचं, असं जमणार नाही.

एक बाई आली. नाव आणि गाव सांगणार नाही. सिस्टरसुद्धा कधी कुणाचं नाव घेत नसत. गावातल्याच एका माणसानं अत्याचार केला होता. धमकी दिली होती, त्यामुळं घाबरून घरात बसली आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन ठाण्यात आली. अंघोळ झालेली, कपडे धुतलेले. तिनं त्या माणसाचं नाव स्वच्छ सांगितलं. एकच माणूस, एकच नाव. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, म्हणाल्या, आता काही मिळेल असं वाटत नाही. सिस्टर म्हणाल्या, “न मिळालं तर न मिळालं, मॅडम. आपण न घेता सोडलं असं व्हायला नको.” तीन काड्या घेतल्या, ठोकळ्यात उभ्या केल्या.

त्या दिवशी मला भारी घाई होती. पुढचे दोन दिवस सुटी, प्रयोगशाळा बंद, आणि दुपारची एसटी चुकली तर पाकिटं तीन दिवस ठाण्यातच पडणार. सिस्टर दारात बसलेल्या. तेवढ्यात आमच्या शिपाई मॅडम येऊन सांगू लागल्या की बाईनं सकाळपासून काही खाल्लं नाही, पाणीसुद्धा पिईना. सिस्टर उठल्या. “राठोड भाऊ, पाच मिनिटं दारात थांबा. आत जाऊ नका, कुणाला जाऊ देऊ नका.” आणि त्या बाईला दोन घास भरवायला गेल्या.

मी दारात थांबलो. घड्याळ बघितलं. आत डोकावलं. दोन काड्या कोरड्या दिसत होत्या, तिसरी जरा ओलसर. काहून तशी बुद्धी झाली, देव जाणे. आत गेलो, वाकलो आणि त्या काडीवर दोन फुंकरा मारल्या, गरम चहावर मारतात तशा. मग पुन्हा दारात येऊन उभा राहिलो. सिस्टर आल्या, त्यांनी काड्या बघितल्या, आणखी थोड्या वेळानं पाकिटं केली, सील केलं. मला एसटी मिळाली. खिडकीची जागासुद्धा मिळाली.

काही महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. दोन काड्यांत काही नाही. तिसऱ्या काडीत पुरुषाची खूण सापडली. पण एकाची नाही, दोघांच्या खुणा. एक आरोपीच्या खुणेशी जुळणारी. दुसरी कुणाची, माहीत नाही.

आरोपीचा वकील हुशार होता. त्यानं गावभर होईल अशा बेतानं बोलायला सुरुवात केली, की बाई एक म्हणते आणि अहवाल दोन म्हणतो, म्हणजे बाई खोटी. आज एक लपवला, उद्या सगळंच रचलेलं निघेल. नवरा बिचारा गप्प गप्प राहू लागला. सासूनं घरात तिच्याशी बोलणं सोडलं. एक दिवस ती बाई एकटीच ठाण्यात आली. इन्स्पेक्टर साहेब नव्हते. माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊ, दुसरा कोण? मला सांगा तरी. मी तर एकच पाहिला. दुसरा कोण?”

तेव्हा माझ्या डोक्यात ती फुंकर आली. ‘साहेब आल्यावर या,’ एवढंच मी म्हणालो. तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही.

इकडं सिस्टरना अहवालाचं कळलं. त्यांनी बाईवर क्षणभरही संशय घेतला नाही. “ती एक म्हणती म्हणजे एकच. दुसरा आपल्या इथलाच कुणीतरी हाय, हलगर्जीपणानं लागलेला. त्याला मी हुडकून काढते.” आणि लागल्या कामाला. त्या दिवशी दवाखान्यात हजर असलेला एकेक पुरुष त्यांनी गाठला. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, औषधं देणारा, झाडूवाला, विजेचं काम करायला आलेला माणूस. तुम्ही त्या खोलीत गेला होता का, काही उचललं का, तपासणीसाठी रक्त देता का? लोक चिडले. ड्रायव्हर म्हणाला, “आमाला कशाला तकलीफ देऊन राहिल्या?” सिस्टर म्हणाल्या, “तुमाला सुईची तकलीफ. तिला जलमाची हाय.” तो मुकाट तयार झाला.

सगळ्यांना विचारलं. मला मात्र विचारलं नाही.

दोन दिवस मी वाट बघितली. घरात भाकर गोड लागेना. बायको म्हणाली, पोट बिघडलं का? शेवटी तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. सिस्टर त्याच दारात स्टुलावर बसून यादीतली नावं खोडत होत्या.

“सिस्टर, तुमी मला विचारलं न्हाई,” मी म्हणालो.

त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. “तुमचं काय विचारायचं? तुमी तर दारात होता, राखणीला.”

खरं सांगतो, कुणी कानफटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. मी तिथंच भिंतीला टेकलो आणि फुंकरीचं सगळं सांगून टाकलं.

त्यांनी यादी मिटून बाजूला ठेवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “राठोड साहेब.” बस, एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोलिसाच्या वर्दीत रडणं किती वाईट दिसतं ते मला त्या दिवशी कळलं, कारण समोर औषधाच्या कपाटाला आरसा होता.

“माही नोकरी जाईल, सिस्टर.”

“जाईल का राहील, ते नंतर बघू. ती बाई खोटी पडून राहिली, ते आधी.” त्यांनी टेबलावरून कागद ओढला, पेन माझ्या हातात दिलं. “लिहा. आत्ता. दोन फुंकरा मारल्या असंच लिहा, एक न्हाई.”

मी लिहायला लागलो. अर्ध्यात आलो तेव्हा त्या म्हणाल्या, “खाली माहं बी लिहा. की परिचारिका खिल्लारे पाच मिनिटं जागेवरून उठल्या होत्या.”

“तुमी तर तिला जेवू घालायला गेल्या होत्या.”

“तेच लिहा. पण उठल्या होत्या हे लिहा. काड्या वाळेस्तोवर उठायचं न्हाई, हा माहाच नियम हाय. मीच मोडला.”

कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. तो घेऊन आम्ही पायीच ठाण्यात गेलो, त्या पुढं आणि मी मागं. इन्स्पेक्टर साहेबांनी वाचलं, एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सिस्टरकडं, आणि उठून स्वतःची खुर्ची सिस्टरपुढं सरकवली. मग मला जे बोलायचं ते बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माझं रक्त तपासणीला गेलं. दुसरी खूण माझ्याशी जुळली. माझी चौकशी झाली, ठपका बसला, नोकरी वाचली. सिस्टरनाही लेखी समज मिळाली. त्यांनी ती मला वाचून दाखवली आणि म्हणाल्या, “आता आपण दोघं जोडीचे गुन्हेगार. चला, चहा पाजा.” तेव्हा त्यांनी मला परत ‘भाऊ’ म्हटलं आणि मी दोन चहा नाही, चार चहा सांगितले.

कोर्टात माझी साक्ष झाली. असल्या केसमध्ये दार बंद असतं, त्यामुळं बघायला गावकरी नव्हते, एवढंच नशीब. वकिलानं मला पिळून काढलं.

“ही खूण तुमच्या भावाची, चुलत्याचीही असू शकते, बरोबर?”

“बराबर हाय साहेब. पण ते तांड्यावर होते. फुंकर माहीच होती.”

“कशी मारली फुंकर? दाखवा.”

मी न्यायाधीश मॅडमकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग मी त्या भरल्या वयात, वर्दीत, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून तोंडाचा चंबू केला आणि दोनदा फुंकर मारली. समोरच्या टेबलावरचा एक कागद उडाला. लिहून घेणारे कारकून खाली वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत. मॅडमनी तोंडावर रुमाल धरून म्हटलं, “नोंद घ्या.”

माझ्यानंतर सिस्टर. मुद्देमाल माझ्याकडं असल्यामुळं मला आतच थांबवलं होतं. वकिलानं त्यांनाही घराण्याच्या खुणेवरून घोळात घ्यायला बघितलं. सिस्टर म्हणाल्या, “ते प्रयोगशाळेच्या लोकांना विचारा, साहेब. मला मी काय केलं ते विचारा.” तो दहा प्रश्न फिरवून विचारत राहिला आणि दर उत्तराला त्याला एक ‘साहेब’ मिळत गेला. त्याला वाटलं असेल किती नम्र बाई आहे. मी बाहेर आल्यावर पोट धरून हसलो.

प्रयोगशाळेच्या बाईंनी दोन्ही खुणा नीट उलगडून सांगितल्या. आणि त्या बाईनं, पहिल्या दिवशी ठाण्यात सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत कोर्टात सांगितलं. एक माणूस, एक नाव. आरोपीला शिक्षा झाली. निकालानंतर ती सिस्टरच्या जवळ येऊन उभी राहिली. सिस्टरनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “जेवली का?”

पुढं सिस्टर सेवेतून निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी होऊ दिला नाही. लेकाकडं नागपूरला राहायला जाणार होत्या. जायच्या आधी हिंगोलीच्या बाजारात काही घ्यायचं होतं म्हणून मला सोबत बोलावलं. मी पिशव्या धरून मागं. भांड्याच्या दुकानापाशी समोरून चार-पाच बायका येताना दिसल्या आणि त्यांत ती बाई होती. अंगानं भरली होती, डोक्यावर पदर, बाजूला सासू, नणंद, गावातल्या आणखी कुणी. मला इतका आनंद झाला की मी हात वर करणार, तेवढ्यात सिस्टरनी माझा शर्ट मागं ओढला आणि दुकानातल्या डब्यांकडं तोंड फिरवून उभ्या राहिल्या. त्या बायका आमच्या पाठीमागून निघून गेल्या.

“काहून, सिस्टर? ओळखलं न्हाई का तिला?”

“ओळखलं की. पण माही ओळख कुठून, म्हणून सोबतच्या बायका विचारतील. सासू-नणंदेपुढं ते जुनं परत निघंल. मी कुणालाच बाजारात आधी ओळख देत न्हाई, राठोड भाऊ. द्यायची का न्हाई, ते त्यांनी ठरवायचं. बहुतेक जणी न्हाई देत. बरंच हाय ते. इसरल्या म्हणायचं.”

आणि त्या डब्याचं झाकण लावून बघू लागल्या. बसतं की नाही, लावायच्या आणि काढायच्या. मला दिसत होतं की त्यांचं लक्ष झाकणात नाही.

“सिस्टर.”

आम्ही वळलो. ती परत आली होती. एकटी नाही, सासूचा हात धरून आली होती, मागून नणंद, मागून त्या बाकीच्या बायका. भर बाजार, आजूबाजूला माणसंच माणसं. ती सिस्टरकडं बोट करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आत्याबाई, ह्या माह्या सिस्टर.”

सासूनं पदर सारखा केला आणि भर रस्त्यात सिस्टरच्या पायाला हात लावायला वाकली. सिस्टर “अहो, अहो” करत मागं सरकल्या, त्यांच्या हातातला डबा खाली पडला, आणि झाकण रस्त्यावरून गडगडत गेलं. मी ते आणायला धावलो. झाकण घेऊन परत आलो तर ती, सासू आणि सिस्टर एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या, सगळ्या एकदम बोलत होत्या, आणि सिस्टर वॉर्डात कधी हसल्या नसतील इतक्या मोठ्यानं हसत होत्या. मी झाकण दुकानदाराकडं दिलं आणि पिशव्या सांभाळत जरा लांब जाऊन उभा राहिलो.